मेडिकल लायब्ररीत संगणक छापखान्याच्या दाराने आला

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. नोट्समध्ये वैद्यकीय ग्रंथालयांच्या संगणकीकरणाची सुरुवात १९७१ च्या मेडलाइनपासून, म्हणजे वैद्यकीय लेख ऑनलाइन शोधून देणाऱ्या अमेरिकी सेवेपासून, दिलेली असते. ती बरोबर आहे का? त्याआधी कुणी काही केलं होतं का? आणि या कामाचे आद्य प्रवर्तक म्हणून कुणाची नावं लिहावीत?

थेट उत्तर आधी देतो. मेडलाइन ही सुरुवात नव्हे. ते आलं तेव्हा अमेरिकेतल्या मेडिकल लायब्रऱ्यांना पंचकार्डं (भोकं पाडून माहिती नोंदवायची, यंत्राने वाचता येणारी कार्डं), कागदी फिती, चुंबकीय फिती आणि संगणक यांच्याशी झटापट करून वीसेक वर्षं झाली होती. आणि या झटापटीचा मूळ हेतू बहुतेक ठिकाणी लेखांचा शोध घेणं हा नव्हताच. लेखांच्या सूचीचं मासिक वेळेवर छापून निघावं, कॅटलॉग कार्डं टाइप करण्यातून माणसं सुटावीत, कुठल्या जर्नलचा कुठला अंक आलेला नाही ते कळावं, असली रोजची कटकट मिटवायला यंत्रं आणली गेली. शोधाची सोय त्या कामातून जाता जाता निघाली. एवढं धरून चाललात की सन आणि नावं आपोआप जागेवर बसतात.

आता तपशील. वैद्यकाच्याच ग्रंथालयांना एवढी घाई का होती, तर डॉक्टरचं काम पुस्तकावर भागत नाही, त्याला जर्नलमधला लेख लागतो. आणि लायब्ररीचा कॅटलॉग जर्नलच्या नावापाशी येऊन थांबतो, आतल्या लेखांची दखल घेत नाही. हे दुखणं एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे. अमेरिकी लष्करातले सर्जन जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे वॉशिंग्टनच्या सर्जन जनरल कचेरीचं ग्रंथालय होतं. त्यांनी रॉबर्ट फ्लेचर यांना बरोबर घेऊन १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ हे नव्या वैद्यकीय लेखनाचं सूचीमासिक काढलं, आणि १८८० मध्ये आपल्या ग्रंथालयाच्या ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला खंड. त्यात पुस्तकांबरोबर लेखही विषयवार लावलेले होते. हे सगळं हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर.

याच बिलिंग्ज यांच्याकडे १८८० च्या जनगणनेतल्या जन्ममृत्यूच्या आकडेवारीचं काम होतं. हर्मन हॉलेरिथ नावाचा तरुण इंजिनिअर तेव्हा जनगणनेतच नोकरीला होता. बिलिंग्ज यांच्या घरी रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी गप्पा चालल्या असताना, ही नुसती यांत्रिक मोजदाद करायला एखादं यंत्र हवं, असं ते आपल्याला म्हणाले, हे हॉलेरिथने स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. त्यातून निघालेली पंचकार्डांची यंत्रं १८९० च्या जनगणनेत वापरली गेली आणि हॉलेरिथची कंपनी पुढे जिच्यात मिसळली तिचं नाव १९२४ पासून आयबीएम. म्हणजे वैद्यकीय सूचीचा जनक आणि पंचकार्डाची कल्पना सुचवणारा माणूस एकच. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या ग्रंथालयात पंचकार्डं पोचायला पुढे साठ-सत्तर वर्षं जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकीय जर्नलांचा पूर आला. बिलिंग्ज यांचं ग्रंथालय तेव्हा आर्मी मेडिकल लायब्ररी म्हणून ओळखलं जाई, १९५२ मध्ये ते आर्म्ड फोर्सेस मेडिकल लायब्ररी झालं आणि १९५६ मध्ये कायद्याने नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन. ही तिन्ही नावं एकाच संस्थेची आहेत. परीक्षेत मुलं ती तीन संस्था समजून लिहितात. १९४९ ते १९६३ या काळात तिचे प्रमुख होते फ्रँक ब्रॅडवे रॉजर्स. हे मुळात डॉक्टर. लष्कराने त्यांना मुद्दाम कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकायला पाठवलं आणि मग इथे बसवलं. माझ्या मते या सगळ्या कथेत सर्वात जास्त श्रेय कुणा एकाला द्यायचं तर ते रॉजर्स यांना.

त्यांनी हाती घेतलं तेव्हा या ग्रंथालयाची ‘करंट लिस्ट ऑफ मेडिकल लिटरेचर’ नावाची सूची निघत होती. तिची जुळणी कशी व्हायची ते ऐका. एकेका लेखाची नोंद कार्डाच्या वरच्या कडेला टाइप करायची. मग ती कार्डं फळीवर कौलांसारखी एकावर एक चढवायची, प्रत्येकाची फक्त वरची ओळ दिसेल अशी. पान भरलं की त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून छपाईची प्लेट. मधे एखादी नोंद घुसवायची तर खालची सगळी कार्डं सरकवा. ज्यांनी कधी कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये कार्डं फाइल केली आहेत त्यांना या कामातली बोटांची आणि डोळ्यांची दमणूक सांगायला नको.

यंत्राने हे करता येईल का, याचा अभ्यास रॉजर्स यांच्याही आधी, १९४८ पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च मेडिकल लायब्ररीत चालू झाला होता. सॅनफर्ड लार्की हे त्याचे प्रमुख, पैसा लष्कराच्या ग्रंथालयाचा. पंचकार्डं आणि आयबीएमची सॉर्टिंग यंत्रं घेऊन विषयशीर्षकं कशी लावावीत, यावर तिथे सात वर्षं काम चाललं. हाती थेट असं यंत्र काही लागलं नाही, पण माणसं लागली. यूजीन गारफील्ड हा रसायनशास्त्राचा पदवीधर १९५१ मध्ये तिथे लागला. १९५३ मध्ये तिथे वैज्ञानिक दस्तऐवजांसाठी यंत्रं या विषयावर परिसंवाद भरला, त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, आणि ती वाचून विल्यम अडेर नावाच्या निवृत्त गृहस्थांनी पत्र लिहिलं, की आमच्याकडे वकिलांसाठी ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ असतं, कुठल्या निकालाचा दाखला पुढे कुठे दिला गेला ते त्यात मिळतं, तुम्ही तसं का करत नाही? कुठल्या लेखाचा दाखला पुढे कुठे दिला गेला ते सांगणाऱ्या, गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्सचं बी ते. आज प्राध्यापक मंडळी जर्नलला मिळणाऱ्या दाखल्यांवरून काढलेल्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून रात्री जागवतात, त्या झाडाचं मूळ एका मेडिकल लायब्ररीच्या पंचकार्डांच्या खोलीत आहे.

रॉजर्स आणि त्यांचे सहकारी सेमूर टेन यांनी वेल्चचा धडा घेतला आणि पहिलं पाऊल लहान टाकलं. जानेवारी १९६० पासून ‘इंडेक्स मेडिकस’ नव्याने सुरू झालं ते कोडॅकच्या लिस्टोमॅटिक कॅमेऱ्यावर. नोंद पंचकार्डावर टाइपही केलेली असे आणि त्याच कार्डाला भोकंही पाडलेली असत. भोकं सॉर्टरसाठी, टाइप कॅमेऱ्यासाठी. सॉर्टर कार्डं विषयवार लावून देई आणि कॅमेरा एकेका कार्डावरची ओळ फिल्मवर घेत पुढे जाई. कौलं रचायचं काम गेलं. यात संगणक कुठेच नव्हता, तरी यंत्राने तयार केलेलं हे पहिलं ‘इंडेक्स मेडिकस’. मग त्याच कार्डांतून एखाद्या डॉक्टरसाठी दोन विषय एकत्र येणारे लेख शोधता येतील का, हेही पाहिलं गेलं. दर प्रश्नाला कार्डांचे ढीगच्या ढीग सॉर्टरमधून काढायचे? ते जमणारं नव्हतं. छपाई जमली, शोध अडला. आणि संगणकाची गरज इथे उघड झाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती यंत्रापेक्षा टिकाऊ ठरली. ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’, म्हणजे आपण रोज मेश म्हणतो ती विषयशीर्षकांची यादी, १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४,४०० शीर्षकं होती, आज ती तीस हजारांच्या घरात आहेत. रॉजर्स यांचा आग्रह असा की पुस्तकांच्या कॅटलॉगला आणि लेखांच्या सूचीला एकच यादी वापरायची. आज हे फार साधं वाटतं. पण तेव्हा कॅटलॉग विभाग आणि इंडेक्स विभाग आपापल्या शीर्षकांवर अडून बसलेले असायचे, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी अजूनही बसलेले आहेत. यादी वाढवण्याचं आणि तिची नीट वर्गवारी लावण्याचं पुढचं काम ज्यांनी केलं त्यांत विनिफ्रेड स्यूएल हे नाव लक्षात ठेवा. पाठ्यपुस्तकांत ते सापडत नाही.

आता मेडलार्स, म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची संगणकावरची सूची आणि शोध व्यवस्था. पूर्ण नाव मेडिकल लिटरेचर अॅनालिसिस अँड रिट्रीव्हल सिस्टिम. ऑगस्ट १९६१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला कंत्राट दिलं, यंत्र मात्र घेतलं हनीवेल ८००, आणि जानेवारी १९६४ पासून काम चालू झालं. खर्च सुमारे तीस लाख डॉलर. उद्दिष्टांची यादी पाहिली की वरचेवर छपाईच दिसते: मासिक छपाईसाठी तयार करायला कामाचे २२ दिवस लागत, ते ५ वर आणायचे. मागणीनुसार शोध हेही त्यात होतं, पण पैसा आणि घाई मासिकाची.

काम कसं चाले? इंडेक्सर लेख हातात घेई, चाळे, मेशची यादी पाहून छापील फॉर्मवर शीर्षकं लिही. फॉर्म टाइपिस्टकडे जाई. तिच्या यंत्रावर टाइप होता होता कागदी फितीला भोकं पडत. प्रूफ वाचलं जाई, चुका निघत, दुरुस्ती होई. मग ती फीत संगणकाला भरवायची आणि मजकूर चुंबकीय फितीवर. इथे एक बारकावा आहे आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तोच. छापील अंकात जागा मर्यादित, म्हणून लेख फार तर तीन-चार मुख्य शीर्षकांखाली छापायचा. पण फितीला जागेची एवढी टंचाई नव्हती. मग इंडेक्सरने लेखाला आणखी शीर्षकं द्यायची, ती छापायची नाहीत, फक्त फितीवर ठेवायची. छापण्याजोगी कुठली आणि न छापण्याजोगी कुठली, याची खूण केलेली असे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या आजच्या ऑनलाइन सूचीत एखादी नोंद उघडा आणि खाली मेशचे शब्द पाहा. काहींना तारा लावलेला दिसेल. मुख्य विषय म्हणून आपण विद्यार्थ्यांना तो समजावतो. मूळ अर्थ एवढाच, की हा लेख छापील अंकात या शीर्षकाखाली येणार. छपाई कधीच बंद झाली, तारा राहिला.

छपाईसाठी यंत्र बनवलं फोटॉन कंपनीने. नाव ग्रेस. संगणकाच्या फितीवरून थेट फिल्मवर अक्षरं उमटवणारं हे फोटोटाइपसेटर सेकंदाला सुमारे ३०० अक्षरं जुळवी. त्या काळचे संगणकाचे प्रिंटर सगळं कॅपिटल अक्षरांत, एका ठोकळेबाज साच्यात छापत. बारीक टाइपात दोन-तीन रकान्यांचं मासिक त्यावर काढलं असतं तर कुणी वाचलं नसतं. ग्रेस वेळेवर तयार झालं नाही. म्हणून संगणक जानेवारीत सुरू होऊनही त्यावर जुळवलेला पहिला अंक निघाला ऑगस्ट १९६४ चा. मुद्रणाच्या इतिहासातही हा अंक महत्त्वाचा आहे, कारण संगणकाने चालणारं इतक्या वेगाचं टाइपसेटर प्रत्यक्ष कामावर लागलं ते इथेच. १९६९ मध्ये ग्रेसला निवृत्त करून स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं.

आणि शोध? डॉक्टर फॉर्म भरून पाठवी. ग्रंथालयातला शोधतज्ज्ञ त्याचा प्रश्न मेशच्या शीर्षकांत बसवून ‘हे आणि ते, पण ते नको’ अशा मांडणीत लिही. असे बरेच प्रश्न जमले की एकत्र संगणकाला द्यायचे. माहिती फितीवर असल्यामुळे मधलंच काही उघडता येत नसे, फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागे. उत्तराचा छापील गठ्ठा टपालाने यायला कित्येक आठवडे जात. भाराभार लेख कामाचे नसतील तर दुरुस्त फॉर्म पाठवा आणि पुन्हा वाट पाहा. पुढे कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडो इथे, तसंच स्वीडन आणि ब्रिटनमध्ये फितींच्या प्रती देऊन केंद्रं उघडली, पण पद्धत हीच.

या शोधाची परीक्षा एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी घेतली. ग्रंथालयशास्त्रात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या चालत्या व्यवस्थेची, खऱ्या वापरणाऱ्यांच्या खऱ्या प्रश्नांवर, इतकी कसून तपासणी झाली. सुमारे तीनशे शोध तपासून १९६८ मध्ये अहवाल आला: उपयोगी लेखांपैकी सरासरी ५८ टक्के सापडत होते (हा रिकॉल), आणि सापडलेल्यांपैकी ५० टक्के उपयोगी होते (हे प्रिसिजन). रिकॉल आणि प्रिसिजनचं प्रकरण शिकताना हे दोन आकडे सोडून कुणी शिकवलं तर मला आश्चर्य वाटेल. मला त्यातला वेगळाच निष्कर्ष जास्त भिडतो. ज्या डॉक्टरांनी आपल्याच शब्दांत प्रश्न लिहून पाठवला त्यांची उत्तरं चांगली आली. ज्यांनी आधी ग्रंथपालाशी बोलून यंत्राला सोयीचा प्रश्न तयार केला त्यांची कमी चांगली. आपण माणसाचं ऐकण्याआधी त्याला यादीतल्या शब्दांत कोंबतो. इश्यू काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य स्वतःला अधूनमधून ऐकवावं.

हे झालं सरकारी, भरपूर पैशाचं काम. त्याच काळात एका कॉलेजच्या लायब्ररीत जे झालं ते मला आपल्या परिस्थितीला जास्त जवळचं वाटतं. एस्टेल ब्रॉडमन या रॉजर्स यांच्याच ग्रंथालयात बारा वर्षं होत्या. वैद्यकीय सूचींच्या इतिहासावर त्यांचा प्रबंध आहे. १९६१ मध्ये त्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेल्या. तिथे अर्विन पायझर त्यांच्या हाताखाली होते. या दोघांनी संगणकाला पहिलं काम काय दिलं, तर जर्नलांच्या अंकांची नोंद. फिलसॉम हे त्या व्यवस्थेचं नाव, आणि १९६३ मध्ये मेडिकल लायब्ररी असोसिएशनच्या बुलेटिनमध्ये त्यांनी ती लेख लिहून जगापुढे ठेवली. शीर्षकातच ‘मध्यम आकाराचं वैद्यकीय ग्रंथालय’ असं म्हटलं होतं, मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आव नव्हता.

ज्याने कार्डेक्स, म्हणजे आलेल्या अंकांच्या नोंदीची कार्डं, सांभाळलं आहे त्याला हे काम किती चिवट असतं ते ठाऊक आहे. मासिकं, पाक्षिकं, त्रैमासिकं. कुणाचा खंड जानेवारीत सुरू होतो, कुणाचा जुलैत. मधेच पुरवणी येते, मधेच नाव बदलतं. मार्चचा अंक आला आणि फेब्रुवारीचा आलाच नाही, हे कार्डावर रिकाम्या चौकोनातून दिसतं, पण ते चौकोन पाहायला वेळ कुणाला? रिमाइंडर उशिरा जातं, तोवर प्रकाशकाकडे अंक संपलेला असतो आणि बाइंडिंगला खंड अर्धवट. त्या काळात सॅन दिएगोच्या विद्यापीठ ग्रंथालयात यावर एक सुंदर युक्ती वापरली गेली. या महिन्यात कुठले कुठले अंक यायला हवेत याची कार्डं संगणकच आधी पंच करून देई. अंक आला की त्याचं कार्ड ट्रेमधून काढून बाजूला टाकायचं. महिनाअखेर ट्रेमध्ये जी कार्डं उरतील ते न आलेले अंक. रिमाइंडरची यादी वेगळी करायलाच नको.

फिलसॉम पुढे एका कॉलेजपुरतं राहिलं नाही, देशातल्या अनेक वैद्यकीय ग्रंथालयांनी ते मिळून वापरलं. ब्रॉडमन यांचं वैशिष्ट्य मला असं दिसतं की त्यांनी संगणक विभागाच्या मंडळींना लायब्ररीचं काम ठरवू दिलं नाही. आधी आपलं काम पायरीपायरीने कागदावर उतरवा, मग यंत्राला द्या, ही त्यांची रीत. आपल्याकडे उलट झालं. सॉफ्टवेअर आधी खरेदी झालं आणि मग ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे पुस्तकांची दाखल-नोंदवही, त्यात कसं बसवायचं यावर मीटिंगा झाल्या.

तिसरं मोठं नाव फ्रेडरिक किलगोर. रॉजर्स, ब्रॉडमन आणि किलगोर तिघंही १९१४ साली जन्मलेले; योगायोगच, पण पाठांतराला सोयीचा. किलगोर १९४८ पासून येलच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख. १९६१ मध्ये येल, हार्वर्ड आणि कोलंबिया या तीन विद्यापीठांच्या वैद्यकीय ग्रंथालयांनी एकत्र संगणकीकरणाचा प्रकल्प हाती घेतला: किलगोर, हार्वर्डचे राल्फ एस्टरक्विस्ट आणि कोलंबियाचे थॉमस फ्लेमिंग. हिशोब साधा होता. तिघंही जवळपास तीच पुस्तकं विकत घेतात, तिघांकडेही एकाच पुस्तकाचं कॅटलॉगिंग वेगवेगळं होतं. एका पुस्तकाला मुख्य कार्ड, लेखकाचं, सहलेखकाचं, शीर्षकाचं, दोन-तीन विषयांची. प्रत्येकावर तोच मजकूर आणि वर वेगळी ओळ. हे तीन ठिकाणी तीनदा टाइप करायचं. एकदा पंच करा, संगणक सगळी कार्डं वर्णानुक्रमे छापून देईल, आणि साठलेल्या नोंदींतून पुढे शोधही घेता येईल, असा बेत.

कार्डं निघाली. बेताचा पुढचा भाग मात्र पुरा झाला नाही. तीन ग्रंथालयांच्या तीन तऱ्हा, संगणकांची ताकद तोकडी, आणि १९६६ मध्ये हार्वर्डने अंग काढून घेतलं. बरेच लोक हा प्रकल्प फसला म्हणून एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही, कारण किलगोर तिथून १९६७ मध्ये ओहायोला गेले आणि तिथल्या कॉलेज ग्रंथालयांसाठी हीच कल्पना त्यांनी ऑनलाइन करून दाखवली. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयात पहिल्यांदा ऑनलाइन कॅटलॉगिंग झालं. किलगोर यांची ओहायोतली ही संस्था म्हणजे ओसीएलसी. तिच्या वर्ल्डकॅट या सामायिक कॅटलॉगमध्ये पुस्तक शोधणाऱ्या प्रत्येकाने येलच्या त्या वैद्यकीय ग्रंथालयाचं थोडं देणं मानायला हरकत नाही. आणि ओसीएलसीकडूनही ग्रंथालयांनी सुरुवातीला मागितलं काय, तर छापील कॅटलॉग कार्डंच. वर्षानुवर्षं ती टपालाने जात राहिली.

ऑनलाइनचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो नोट्समध्ये बहुधा असतो. फिलसॉमचे पायझर पुढे न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या सिरॅक्यूज इथल्या वैद्यकीय केंद्रात गेले. तिथे १९६८ मध्ये त्यांनी राज्यातल्या वैद्यकीय ग्रंथालयांचं ऑनलाइन जाळं चालू केलं, टर्मिनलसमोर बसून मेडलार्सच्या फितींमधल्या नोंदी पाहता येतील असं. म्हणजे मेडलाइनच्या तीन वर्षं आधी. हे जाळं १९७७ मध्ये बंद झालं, पण त्यात काम केलेल्या जॅन इगलंड यांनी रॉन क्वेक यांच्यासह १९७६ मध्ये बीआरएस ही व्यापारी शोधसेवा काढली. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने स्वतः १९७० मध्ये एम-ट्विक्स हा प्रयोग केला: शंभरेक निवडक इंग्रजी जर्नलं, सँटा मोनिकाच्या सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचा संगणक, आणि हॉस्पिटलमधला टेलिटाइप, सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापणारा. डॉक्टरला मिनिटांत उत्तर मिळतं म्हटल्यावर मागणी एवढी वाढली की १९७१ च्या अखेरीस मेडलाइन सुरू झालं, २३९ जर्नलांवर आणि एका वेळी २५ जणांना पुरेल असं. संचालक मार्टिन कमिंग्ज, आणि हे काम पुढे रेटणाऱ्यांत डेव्हिस मकार्न. वापरणारे डॉक्टर नव्हते बरं. खास प्रशिक्षण घेतलेले ग्रंथपालच टर्मिनलवर बसत. सामान्य माणसाला ते घरबसल्या फुकट मिळालं १९९७ मध्ये, पबमेडच्या रूपाने.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली. दिल्लीत १९८६ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी मिळून बायोमेडिकल माहितीचं केंद्र काढलं, तिथून मेडलाइनचे शोध करून मिळत, आणि भारतीय जर्नलांसाठी इंडमेड ही सूची त्याच केंद्राची. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजांत आम्ही मेडलाइन पाहिलं ते बहुतेकांनी नव्वदच्या दशकात, सीडी-रॉमवर. एखादा रेसिडेंट डिझर्टेशनसाठी सर्पदंश आणि किडनी निकामी होणं या विषयावर लेख मागायला यायचा. ‘अॅक्यूट किडनी फेल्युअर’ असं टाइप करून तो यादीत शोधायचा आणि सापडेना. कारण मेशमध्ये ते तेव्हा ‘किडनी फेल्युअर, अॅक्यूट’ असं उलटं होतं. तो वैतागायचा, आणि त्याचं बरोबरच होतं. संगणकाला शब्दांच्या क्रमाने काय फरक पडतो? पण छापील सूचीत किडनीची सगळी शीर्षकं के अक्षराखाली शेजारी-शेजारी यावीत म्हणून शब्द फिरवलेले, आणि ते तसेच फितीवर, फितीवरून डिस्कवर आले. मग बाउंड व्हॉल्यूमच्या कपाटापाशी नेऊन त्याला छापील ‘इंडेक्स मेडिकस’चं एक पान दाखवलं की पुढच्या वेळी तो स्वतःच उलटं टाइप करी.

नावांचं म्हणाल तर ‘जनक’ हा शब्द या प्रश्नात टाळा. सूचीच्या मासिकासाठी आणि मेशसाठी रॉजर्स, टेन आणि स्यूएल. सिरियल्ससाठी, म्हणजे जर्नलांच्या अंकांच्या नोंदीसाठी, ब्रॉडमन आणि पायझर. सामायिक कॅटलॉगिंगसाठी किलगोर. शोधाच्या मोजमापासाठी लँकेस्टर. ऑनलाइनसाठी पायझर पुन्हा एकदा, आणि मकार्न. गारफील्ड यांना वेल्चच्या संदर्भात लिहा, मेडलार्समध्ये घालू नका, त्यांचा तिथे हात नव्हता. मेडलार्स १९६४ चं आणि मेडलाइन १९७१ चं, ही दोन नावं उत्तरपत्रिकेत एकमेकांच्या जागी जातात, तेवढं सांभाळा. लँकेस्टर यांचा अहवाल मूळातून मिळवता आला तर त्यातले अपयशी शोध का फसले, ते विश्लेषण वाचा. सेमिनारला एवढा भाग पुरतो.